वाळूत रुतलेला चॅम्पियन

समजा, तुम्ही गोल्फ कोर्सवर उभे आहात. (कधी गेला नसाल तरी चालेल. मीही आयुष्यात एकदाच गेलेय, तेही कॉलेजच्या असाइनमेंटसाठी फोटो काढायला.) बॉल गवतात पडलाय. समोर वाळूचा खोल खड्डा आहे, त्याला बंकर म्हणतात. बंकर संपला की लगेच ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गालिच्यासारखी हिरवळ सुरू होते, आणि झेंडा नेमका तुमच्याच बाजूच्या कडेला, बंकरपासून चार पावलांवर रोवलाय. झेंड्याच्या पलीकडे ग्रीन हवं तेवढं पसरलंय, पण त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. बॉल चुकीच्या बाजूला आलाय. गोल्फवाले याला ‘शॉर्ट साइड’ होणं म्हणतात.

आता बॉल उंच उडवायचा, बंकर ओलांडायचा आणि पडल्या जागी थांबवायचा. जरा जोर जास्त झाला की बॉल ग्रीनच्या पार दुसऱ्या टोकाला. कमी झाला की वाळूत. क्लबची धार बॉलच्या आधी जमिनीत घुसली तर बॉल हातभर पुढे सरकतो आणि बघणारे नजर चुकवतात. तीच धार बॉलच्या मध्यावर बसली तर तो गोळीसारखा सुटतो. आजचे प्रो मात्र क्लबचं तोंड आभाळाकडे उघडतात, लांब आणि संथ स्विंग घेतात, क्लब बॉलच्या खालून अलगद सरकतो आणि बॉल मऊ पडतो. टीव्हीवर बघताना वाटतं, यात काय एवढं?

यात एवढं काय ते कळायला जीन सॅराझेनची गोष्ट माहीत पाहिजे. हा माणूस विसाव्या वर्षी अमेरिकेचा चॅम्पियन झाला, मग वाळूला घाबरायला लागला आणि त्या भीतीवर त्याने जो उपाय काढला तो आज जगातल्या जवळपास प्रत्येक गोल्फरच्या बॅगेत आहे.

जन्म २७ फेब्रुवारी १९०२चा. न्यूयॉर्क राज्यातलं हॅरिसन नावाचं गाव. पाळण्यातलं नाव युजेनिओ साराचेनी. आईवडील इटलीहून आलेले, वडील सुतार, घरात पैशांची कायम चणचण. आठव्या वर्षीच पोरगा कॅडी म्हणून काम करायला लागला. कॅडी म्हणजे श्रीमंत मेंबरची जड बॅग खांद्यावर टाकून अठरा होल चालायचं, हरवलेले बॉल शोधायचे आणि मिळालेली नाणी संध्याकाळी घरी आणून द्यायची. वडिलांना या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. मुलाने रंधा हातात धरावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण १९१३मध्ये फ्रान्सिस विमेट नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने यूएस ओपन जिंकली, आणि तोही आधी कॅडीच होता. अकरा वर्षांच्या युजेनिओच्या डोक्यात काय सुरू झालं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिलं महायुद्ध आलं तसं कुटुंब कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला गेलं. शाळा केव्हाच सुटली होती. हा शस्त्रांच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथे न्यूमोनियाने इतका आजारी पडला की वाचतो की नाही, अशी वेळ आली. वाचला. डॉक्टरांनी बजावलं की बंद खोलीतलं, धुळीतलं काम आता बंद, मोकळ्या हवेत काहीतरी कर. सुतारकामही त्यात बाद झालं. वडिलांचं म्हणणं डॉक्टरांनीच असं निकालात काढलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण करिअर काउन्सेलिंग इतक्या स्पष्ट शब्दांत आपल्याला कोणी देत नाही.

नावाचीही गंमत आहे. एकदा त्याने एका फटक्यात बॉल होलमध्ये टाकला आणि पेपरात नाव छापून आलं. युजेनिओ साराचेनी हे नाव छापलेलं बघून त्याला ते व्हायोलिन वाजवणाऱ्याचं वाटलं, गोल्फरचं नाही. मग त्याने स्वतःच नवं नाव जुळवलं : जीन सॅराझेन. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, अंग भरलेलं, हात लोहारासारखे.

१९२२मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी कोर्सवर यूएस ओपन होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा हा पुढच्यांपेक्षा चार फटके मागे होता आणि लोकांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. त्याने ६८ची फेरी केली आणि बॉबी जोन्ससारख्या खेळाडूला एका फटक्याने मागे टाकून कप उचलला. वय वर्षं २०. त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा पीजीए, आणि या वेळी अंतिम सामन्यात थेट वॉल्टर हेगनला हरवून. हेगन म्हणजे त्या काळातला सुपरस्टार, भारी कपडे, महागड्या गाड्या, एकदम रुबाबदार माणूस.

म्हणजे एकविसाव्या वर्षी तीन मेजर. इथे एखादा सिनेमा संपला असता.

पुढची नऊ वर्षं एकही मेजर नाही. लहानमोठ्या स्पर्धा जिंकत होता, पैसे मिळत होते, लोक ओळखत होते, पण मोठ्या स्पर्धेत काहीतरी बिनसायचंच. १९२३मध्ये स्कॉटलंडच्या ट्रूनला ब्रिटिश ओपन खेळायला गेला. अमेरिकेचा चॅम्पियन म्हणून गाजावाजा झाला होता आणि हा वादळी वाऱ्यात पात्रता फेरीतच बाहेर पडला. ट्रून हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत यायचंय तिथे.

बिनसायचं ते बऱ्याचदा वाळूत. यात दोष एकट्या त्याचा नव्हता, हत्याराचाही होता. तेव्हा बंकरमधून बॉल काढायला ‘निब्लिक’ नावाचा क्लब वापरायचे. त्याचं पातं तिरकं असायचं, पण बूड पातळ आणि धार तीक्ष्ण. विळी वाळूत मारून बघा, काय होईल? रुतेल. निब्लिकचं तेच व्हायचं. म्हणून चांगले चांगले खेळाडूही वाळूतून बॉल थेट, स्वच्छ उचलायला बघायचे, आणि त्यात केसभर चूक झाली की होलचा सत्यानाश. बंकरच्या वरून, गवतातून खेळायचा आपला सुरुवातीचा शॉट घ्या. तिथेही तेच, धार मातीत अडकणार या धास्तीने हात आखडायचा. एकदा हात आखडला की पुढचं सगळं बिघडतं. बंकर दिसला की त्याच्यापासून लांब मारायचं, झेंडा कडेला असेल तर त्याच्या नादी लागायचं नाही, असा सॅराझेनचा खेळ भित्रा होत गेला.

यात १९२८ची जखम वेगळीच. ब्रिटिश ओपन त्या वर्षी इंग्लंडमध्ये सँडविच गावात होती. (हो, गावाचं नाव खरंच सँडविच आहे.) हेगनने मित्रत्वाने आपला नेहमीचा कॅडी सॅराझेनला दिला. स्किप डॅनियल्स, साठीला टेकलेले गृहस्थ, कोर्सचा कोपरा न् कोपरा माहीत असलेले. दोघांचं छान जमलं. मग चौदाव्या होलवर सॅराझेनचा बॉल दाट गवतात गेला. डॅनियल्सनी छोटा आयर्न क्लब पुढे केला, म्हणजे गपचूप बाहेर काढ आणि पुढे चल. सॅराझेनला वेळ वाचवायचा होता, फटका वाचवायचा होता. त्याने हट्टाने लाकडी क्लब मागितला. बॉल जेमतेम थोडा सरकला आणि गवतातच राहिला. त्या होलला सात फटके गेले. ओपन हुकली ती दोन फटक्यांनी, आणि जिंकला कोण, तर हेगन. सॅराझेनने चूक कबूल केली. डॅनियल्सनी राग धरला नाही, पुन्हा येऊन दोघांनी मिळून जिंकायचं, असं ठरवूनच ते वेगळे झाले.

आता १९३१चा हिवाळा, फ्लोरिडातलं न्यू पोर्ट रिची. सॅराझेन विमान चालवायला शिकत होता आणि हॉवर्ड ह्यूजेसबरोबर उडत होता. ह्यूजेस म्हणजे तोच सिनेमे आणि विमानं बनवणारा अब्जाधीश, ज्याच्यावर ‘द एव्हिएटर’ आलाय. विमान जमीन सोडताना त्याने एक गोष्ट पाहिली : शेपूट खाली दबते आणि नाक वर उचललं जातं. मागचा भाग खाली गेला की पुढचा वर येतो. मग क्लबचंही असंच केलं तर?

त्याने निब्लिक घेतले, हार्डवेअरच्या दुकानातून सोल्डर आणलं आणि क्लबच्या बुडाला मागच्या बाजूने डाख द्यायला बसला. भांड्याला डाख देतात तसाच, फक्त इथे भोक बुजवायचं नव्हतं, फुगवटा तयार करायचा होता. थर चढवायचा, कानशीने घासायचा, बाहेर जाऊन वाळूत मारून बघायचं, परत आत येऊन थर कमी-जास्त करायचा. सुताराचा मुलगा शेवटी कानस घेऊन बसलाच, हे त्याच्या वडिलांना कळलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला उगाच वाटतं.

फुगवट्याने नेमकं काय झालं? क्लबची पुढची धार आता सगळ्यात खालचा भाग राहिली नाही, मागचं जाड बूड तिच्याही खाली आलं. त्यामुळे वाळूला आधी लागतं ते गोलसर बूड. ते रुतत नाही, उसळतं. सपाट दगड पाण्यावर भाकरी करत जातो ना, साधारण तसं. क्लब बॉलच्या दोन बोटं मागे वाळूत शिरतो, बॉलच्या खालून सरकतो आणि वाळूचा एक पापुद्रा बॉलला घेऊन वर उडतो. क्लब बॉलला लागतच नाही! आजच्या भाषेत याला क्लबचा ‘बाउन्स’ म्हणतात. हाच बाउन्स गवतातही कामाला येतो. क्लबचं तोंड उघडलं की बूड आणखी खाली येतं, धार मातीत अडकत नाही, आणि म्हणून बंकरवरून चार पावलांवरच्या झेंड्याकडे बॉल उंच उडवताना हात आखडावा लागत नाही. थोडं उशिरा-लवकर लागलं तरी क्लब सरकून जातो. चूक पोटात घालणारं हत्यार, असं म्हणा हवं तर.

इथे थोडं थांबून एक हिशेब चुकता करते, कारण इंटरनेटवर सॅराझेनने सँड वेज शोधला असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. जाड बुडाचा वाळूचा क्लब त्याच्या आधीही होता. एडविन मॅकक्लेन नावाच्या माणसाने १९२८मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं आणि बॉबी जोन्सनेही तसला क्लब १९३०मध्ये वापरला होता. पण त्याचं पातं पळीसारखं खोलगट होतं. अशाने बॉलला दोनदा फटका लागू शकतो, म्हणून १९३१मध्ये त्यावर बंदी आली. सॅराझेनचं पातं सरळ होतं, त्यामुळे नियमात बसलं. विमानाची गोष्टही आपल्याकडे आलीय ती त्याच्याच तोंडून, आणि तो गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता. तरी डाख देऊन, वाळूत तासन्‌तास मारून तो क्लब खरोखर चालेल असा करणं, हे त्याचंच काम. शेवटी तर बंकरमधून दोन फटक्यांत बॉल होलमध्ये टाकतो, यावर पैज लावायची त्याची तयारी होती. जो माणूस वाळू टाळायचा, तोच!

१९३२मध्ये ब्रिटिश ओपन पुन्हा सँडविचला आली, या वेळी शेजारच्या प्रिन्सेस कोर्सवर. सॅराझेन तो क्लब घेऊन गेला, पण चोरासारखा. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी कोणी अधिकाऱ्याने पाहिला आणि बंदी घातली तर? म्हणून बॅगेत तो उलटा, डोकं खाली करून ठेवायचा आणि संध्याकाळी कोटाच्या आत लपवून हॉटेलवर न्यायचा. स्पर्धा सुरू झाल्यावर मात्र तो सगळ्यांसमोर बाहेर आला.

आणि डॅनियल्स? ते वाट बघत होते. पण आता आणखी थकलेले, काठी घेऊन चालणारे, नजर जवळजवळ गेलेली. सॅराझेनला लोकांनी सांगितलं की यांना घेऊ नकोस, आणि त्याने ऐकलंही. तरुण कॅडी घेतला. सराव इतका वाईट झाला की विचारू नका. शेवटी त्याने डॅनियल्सना बोलावलं. म्हातारबुवा आधीच कोर्स चालून, ग्रीन पायाखाली घालून आले होते. डोळ्यांना दिसत नव्हतं ते पायांनी समजून घेतलेलं. पहिल्या दिवसापासून सॅराझेन आघाडीवर राहिला तो शेवटपर्यंत. चार फेऱ्यांत २८३, तेव्हाचा ब्रिटिश ओपनचा विक्रम. दुसऱ्या नंबरपेक्षा पाच फटके कमी.

बक्षीस समारंभात डॅनियल्सनी आपल्या शेजारी उभं राहावं, अशी त्याने आयोजकांकडे मागणी केली. कॅडीला तिथे जागा नाही म्हणून ती फेटाळली गेली. डॅनियल्स आले ते सायकलवरून, दोन नातवंडांना पुढे बसवून. निघताना सॅराझेनने आपला उंची कोट त्यांच्या अंगावर चढवला. काही महिन्यांतच डॅनियल्स वारले.

दोन आठवड्यांनी यूएस ओपन, न्यूयॉर्कमधलं फ्रेश मेडो. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्टने बनवलेला कोर्स, ग्रीनला चिकटून बंकर. सॅराझेन तिथे पूर्वी नोकरीला होता, त्यामुळे कुठे धोका आहे हे त्याला नको इतकं माहीत होतं. पहिल्या दोन फेऱ्या तो जुन्याच पद्धतीने खेळला, झेंड्याकडे पाठ फिरवून सुरक्षित : ७४ आणि ७६. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याने ते सोडून दिलं आणि थेट झेंड्यावर मारायला लागला. शेवटचे २८ होल त्याने बरोबर १०० फटक्यांत संपवले. शेवटची फेरी ६६, विजय तीन फटक्यांनी. गोल्फच्या इतिहासात हे २८ होल अजून सांगितले जातात. माझ्या मते यात त्या सोल्डर लावलेल्या क्लबचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा आहे. त्याने प्रत्येक होलला वाळूतून बॉल काढला असं नाही. पण बंकरच्या कडेला लावलेल्या झेंड्यावर नेम धरायचा, तर चुकून शॉर्ट साइड झालो तरी निभावेल, असा भरवसा लागतो. तो त्याच्याकडे नऊ वर्षं नव्हता, आता होता.

१९३३मध्ये विल्सन कंपनीने हा क्लब बाजारात आणला. सॅराझेनचा या कंपनीशी करार मरेपर्यंत टिकला, साधारण ७५ वर्षं!

त्याचा सगळ्यात प्रसिद्ध शॉट मात्र वेगळाच आहे. १९३५, ऑगस्टा, आज जिला मास्टर्स म्हणतात ती स्पर्धा. पंधराव्या होलवर तळ्याच्या अलीकडून, २३५ यार्डांवरून त्याने मारलेला बॉल थेट होलमध्ये गेला. तीन फटक्यांची पिछाडी एका झटक्यात साफ, आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये त्याने क्रेग वूडला हरवलं. चारही मेजर जिंकणारा तो पहिला गोल्फर ठरला. या शॉटवर एवढं लिहिलं गेलंय की मी इथे थांबते.

पुढे तो शेतकरी झाला, न्यूयॉर्क राज्यात शेतं घेतली आणि लोक त्याला ‘द स्क्वायर’ म्हणजे जमीनदार म्हणू लागले. साठच्या दशकात टीव्हीवरचा गोल्फचा कार्यक्रम करत त्याने जग पालथं घातलं. गुडघ्यापर्यंतची ढगळ पँट, जिला प्लस-फोर म्हणतात, ती काही त्याने सोडली नाही. एप्रिल १९९९मध्ये मास्टर्सच्या उद्घाटनाचा मानाचा फटका मारला आणि पुढच्याच महिन्यात, १३ मे रोजी फ्लोरिडात ९७व्या वर्षी गेला. कारण होतं न्यूमोनिया, ज्याने त्याला ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर काढलं होतं.

पण मला तुम्हाला घेऊन जायचंय ते १९७३च्या जुलैमध्ये, ट्रूनला. पात्रता फेरीतच बाद होऊन तो इथून गेला, त्याला ५० वर्षं झाली होती. आता वय ७१. त्याला ब्रिटिश ओपनमध्ये खेळायला बोलावलं होतं, सोबत फ्रेड डॅली आणि मॅक्स फॉकनर हे दोघे जुने चॅम्पियन. ट्रूनचा आठवा होल ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणून ओळखला जातो. लांबी अवघी सव्वाशे यार्डांच्या आसपास, पण ग्रीन पोस्टाच्या तिकिटाएवढं, अरुंद, आणि चहूबाजूंनी उभ्या भिंतींचे खोल बंकर. त्यातल्या एकाला तर शवपेटी म्हणतात. या ग्रीनवर मोठी बाजू अशी नाहीच, जिथून चुकाल तिथून शॉर्ट साइडच होणार.

पहिल्या दिवशी सॅराझेनने ५ नंबरचा आयर्न काढला, वाऱ्यात बॉल मारला, तो ग्रीनवर पडला, घरंगळला आणि होलमध्ये गेला. एका फटक्यात. टीव्हीचे कॅमेरे चालू होते, त्यामुळे आजही तुम्हाला बघायला मिळेल. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने यापेक्षा आणखी काय करायचं.

दुसऱ्या दिवशी तोच होल, तोच क्लब, आणि बॉल बंकरमध्ये. म्हातारा प्लस-फोर सावरत खाली उतरला. समोर वाळूची भिंत, वरती ग्रीनचा चिंचोळा तुकडा, झेंडा जवळ. त्याने सँड वेज घेतला, तोंड उघडलं, बॉलच्या मागे वाळूत मारला. वाळूचा फवारा उडाला, बॉल भिंतीवरून वर आला, ग्रीनवर टेकला आणि आत गेला. दोन दिवसांत त्या होलवर तीन फटके, आणि पटर एकदाही बॅगेतून काढावा लागला नाही. दोन फेऱ्यांनंतर तो स्पर्धेतून बाहेर पडला.